साक्षीदार जास्त बोलतोय

भंगाळे नानांना सरळ प्रश्न विचारला आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, असं सांगणारा माणूस जळगावच्या कोर्टात मला अजून भेटायचा आहे. मी वकिलीची परीक्षा पास होऊन धुळ्याहून एसटीनं आले, बार रूमच्या दारात उभी राहिले आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या एका टकल्या, धिप्पाड गृहस्थांना विचारलं, "भंगाळे वकील कुठं भेटतील?" पेपर खाली न करता आवाज आला, "पक्षकार म्हणून हवेत की वारस म्हणून?" मी म्हटलं, "ज्युनिअर म्हणून." "त्यांच्याबद्दल काय ऐकलंय?" मी ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. दिवाणी कामात हात धरणारं कुणी नाही, फी घासाघीस न करता घेतात, चिडले की लेवा बोलीत बोलतात, आणि ज्युनिअर टिकत नाहीत. पेपर खाली आला. "बाई, तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि उत्तरं सगळी तुम्हीच दिलीत. उद्यापासून या. आधी गप्प बसायला शिकवतो." हेच भंगाळे वकील, हे मला नंतर चहावाल्यानं सांगितलं. त्यांनी स्वतः शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. काकूंनी "आज भाजी काय करू?" म्हणून विचारलं की नाना म्हणणार, "कालची संपली याला पुरावा काय?" काकू लेवा पाटलांच्याच, पण वडील धुळ्याला नोकरीला, त्यामुळे अहिराणीत वाढलेल्या. मीही धुळ्याची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात अहिराणीत सुरू झालो की सावद्याचे नाना ओट्याजवळ येऊन म्हणायचे, "दुभाषा मिळाल्याशिवाय ही साक्ष नोंदवू नये." त्या घरात मी जितकी जेवले तितकी माझ्या माहेरीही जेवले नसेन.

मागच्या महिन्यात बार असोसिएशननं त्यांची शोकसभा घेतली. एकामागून एक वकील उठले आणि प्रत्येकानं नानांच्या स्मरणशक्तीचे गोडवे गायले. "अखेरपर्यंत तल्लख!" असं एकानं तर दोनदा म्हटलं. काकू पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. लोकांना वाटलं रडताहेत. मी शेजारीच होते म्हणून मला माहीत, की त्या हसू दाबत होत्या. हा लेख त्या हसण्यासाठी लिहिते आहे.

नाना साक्षीदार तयार करायचे ते बघण्यासारखं असे. खोटं पढवायचं नाही, हा त्यांचा दंडक. खोटं पढवलेला साक्षीदार म्हणजे भाड्याचा बैल, म्हणायचे, दुसऱ्या तासाला बसकण मारतो. पण खरं सांगणाऱ्यालाही ते सोडायचे नाहीत. "साक्षीदार खोटं बोलल्यानं पडत नाही, जास्त बोलल्यानं पडतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की झोपेत उठवलं तरी म्हणेन. दुसरं वाक्य: "'आठवत नाही' ही शिवी नाही, उत्तर आहे." आपल्याकडच्या माणसाला हे उत्तर द्यायची लाज वाटते, असं त्यांचं निदान होतं. कोर्टात उभं केलं, साहेबानं विचारलं, आणि आपल्याला येत नाही म्हणायचं? मग तो काहीतरी जोडून देतो, समोरचा वकील ते जोडकाम उसवतो आणि चांगली केस मातीत जाते. आणि तिसरं: "समोरचा वकील मायेनं आठवण करून द्यायला लागला की समजावं, खड्डा खणून झालाय."

या शिकवणीचा एकदा अतिरेक झाला. रावेरकडचे दगडूभाऊ म्हणून एक शेतकरी साक्षीला होते. बांधाचा वाद. नानांनी त्यांना कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पाजून समजावलं, "भाऊ, जे याद आहे तेवढंच सांग. अवघड वाटलं, नही आठवलं, तर सरळ नही म्हन." दगडूभाऊ पिंजऱ्यात चढले. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचं नाव?" दगडूभाऊ घामाघूम झाले आणि म्हणाले, "याद नही, साहेब." सगळं कोर्ट हसलं. बाहेर आल्यावर नानांनी डोक्याला हात लावला, तर दगडूभाऊ म्हणतात, "तुम्हीच म्हटलं ना, अवघड वाटलं तर. मले पहिलाच अवघड वाटला." ती केस आम्ही जिंकलो, कारण समोरच्याचा साक्षीदार याच्या उलट, बांधाची सात पिढ्यांची कहाणी सांगत बसला. नाना पुढं कित्येक वर्षं नव्या ज्युनिअरला दगडूभाऊंचा दाखला द्यायचे. "त्या दिवशी त्या कोर्टात एकच प्रामाणिक माणूस होता," म्हणायचे.

आता विसंगती बघा. ज्या माणसानं निम्म्या जिल्ह्याला "आठवत नाही" म्हणायला शिकवलं, त्याला स्वतःला ते म्हणता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे जन्मात कधी लागलंच नव्हतं. पंचाहत्तरी उलटल्यावर लागायला लागलं, तेव्हा त्यांनी ते ज्या शिताफीनं टाळलं, त्याला तोड नाही.

नवी कामं त्यांनी तेव्हा बंद केली होती. पण कोट घालून रोज बार रूममध्ये यायचे, चहा पाजायचे, कोट्या करायचे. माझ्या लक्षात आलं की ते आता नावानं कुणाला हाकच मारत नाहीत. सगळे "साहेब", सगळ्या "मॅडम", आणि अनोळखी चेहरा दिसला की "काय म्हणतंय गाव?" समोरच्याला वाटायचं, नानांना आपलं गावसुद्धा ठाऊक आहे! तो खूश होऊन गाव, बाप, भाऊबंद, केसचा नंबर, सगळं सांगून टाकायचा. मग नाना त्यातलंच एखादं उचलून विचारायचे, "आणि धाकट्याचं काय झालं?" तो माणूस घरी जाऊन सांगायचा, नानांची याददाश्त म्हणजे काय विचारता. मी हे सगळं बघत होते आणि मलाही ती नानांची लकबच वाटत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या साक्षी उलटसुलट करणाऱ्या बाईला समोरची झाकपाक दिसेना, याला काय म्हणावं?

काकूंना दिसली. भरताच्या दिवशी.

थंडी पडली की सावद्याच्या मळ्यात नानांची भरीत पार्टी व्हायची. बामणोदची मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, लाकडी बडगी, आणि बडगीत भाजकी वांगी, मिरच्या नि लसूण ठेचायला बार रूममधले रिकामे हात. काम सगळ्यांनी करायचं, पण वांगी जाळात टाकायचा मान नानांचा. टाकण्याआधी प्रत्येक वांग्याला काडीनं टोचे मारायचे, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं, हे खानदेशात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. त्या वर्षी नानांनी वांगी तशीच जाळात टाकली. आम्ही गप्पांत. थोड्या वेळानं फटाफट आवाज सुरू झाले, राख उडाली, एका नव्या वकिलाचा पांढरा शर्ट रंगला, सगळे खाटांवरून उठून पळाले. नाना जागचे हलले नाहीत. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "उलटतपासणी घेत होतो. जे फुटलं ते विश्वासार्ह नव्हतं." हास्याचा जो स्फोट झाला तो वांग्यांपेक्षा मोठा होता. उरलेल्या वांग्यांचं भरीतही झालं आणि "नानांची उलटतपासणी" हा किस्सा बार रूममध्ये कायमचा जमा झाला.

काकू हसल्या नाहीत. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळता तळता मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "बठ्ठा हसतस. पन त्यासले टोचा माराना यादच नही ऱ्हायना, माले दिसनं ना." मग डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलून म्हणाल्या, "त्यासले काहीच याद ऱ्हात नही. आन मी सांगसू ते कोनी मानत नही."

खरंच कुणी मानत नव्हतं. मुलगा मिलिंद पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, "आई, बाबा माझ्याशी अर्धा तास भांडून जिंकले आत्ता. त्यांना काय झालंय?" शेजारी म्हणायचे, काकूच थकल्या. गॅस चालू राहिला तर नाना म्हणणार, "शेवटचं स्वयंपाकघरात कोण होतं, ते आधी ठरवू." आणि वाद अशा वळणावर न्यायचे, की काकूंनाच वाटायचं गॅस आपणच चालू ठेवला. "मना नवरा येडा नही शे," त्या मला म्हणाल्या, "तो माले येडी बनाडस." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या घरात मूठ नानांची होती आणि सव्वा लाखाचा घोर काकूंना.

शेवटी, मलाच डोकेदुखी आहे, सोबत चला, अशी थाप मारून मी नानांना जळगावातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी माझ्या डोकेदुखीची चौकशी करता करता खुर्ची नानांकडे वळवली. "आज तारीख काय, नाना?" नानांनी त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "तुमच्या भिंतीवर आहे ती खरी धरायची, की ते पान उलटायचं राहिलंय?" डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी गोल काढला आणि कागद परत दिला. "काटे तुम्ही काढा. वेळ तुमची महाग." डॉक्टर म्हणाले, "मी मघाशी तीन शब्द सांगितले होते, लक्षात ठेवा म्हटलं होतं. कोणते?" नाना पुढं झुकले. "ते तुम्ही सांगितलेत, याला साक्षीदार?" मी म्हटलं, "मी आहे ना, नाना." "तुम्ही माझ्या ज्युनिअर. हितसंबंधी साक्षीदार. ग्राह्य नाही."

डॉक्टर मनापासून हसले, पण कागदावर बरोबरची खूण काही त्यांनी केली नाही. बाकीच्या प्रश्नांत नानांना चांगले मार्क पडले. गणितं झटक्यात, म्हणी उलट्यासुलट्या, बोलणं तर काय, डॉक्टरांना दोन नवे कायदे शिकवून झाले. पुढं मेंदूचे फोटो काढले, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आम्हां चौघांना, म्हणजे मिलिंदलाही पुण्याहून बोलावून, समोर बसवलं. अल्झायमर. सुरुवातीचा.

"पण मार्क तर चांगले पडले ना?" मिलिंद म्हणाला.

"तीच काळजी आहे," डॉक्टर म्हणाले. "फोटोत जेवढी झीज दिसते, तेवढ्या झिजेचा दुसरा माणूस आज वाट चुकला असता. यांनी आयुष्यभर डोकं चालवलं, त्यामुळे मेंदूत शिल्लक मोठी आहे. एका भागानं काम टाकलं की दुसरे भाग ते अंगावर घेतात. साधं एखादं नाव आठवायला यांचा मेंदू तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त राबतो. बाहेरून पत्ता लागत नाही." मग त्यांनी आपल्या भागातलं उदाहरण दिलं. "ज्याच्या घरी इन्व्हर्टर, त्याला लाइट गेल्याचं सगळ्यात उशिरा कळतं. झीज थांबलेली नसते. बॅटरी संपली, की मग एकदम अंधार."

काकूंनी माझ्या कानाशी विचारलं, "मंग ते इन्व्हर्टर बंद करता येस का?" मला आधी हसू आलं, मग अर्थ कळला. बाई खोटा उजेड नको म्हणत होती.

नाना सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्याच हुशारीनं या रोगाचं वकीलपत्र घेतलंय, असं म्हणा की." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच." नाना खूश झाले. रोग झाल्याचं दुःख बाजूला राहिलं, वाक्य चांगलं जमल्याचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये जाहीर केलं, "डॉक्टरांनी दाखला दिलाय. आमचा मेंदू ओव्हरटाइम करतो." टाळ्या पडल्या, चहा फिरला. निदानसुद्धा किस्सा होऊन गेलं.

हे असंच चाललं असतं, पण शोभाताईंच्या केसमध्ये नानांना साक्षीचं समन्स आलं.

शोभाताई सावद्याच्या. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आल्या आणि बापाचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. बापानं राहतं घर आणि केळीच्या बागेचा एक तुकडा त्यांच्या नावे मृत्युपत्रानं ठेवला. ते मृत्युपत्र नानांनी, चांगले धडधाकट असताना, लिहून दिलं होतं आणि साक्षीदार म्हणून सहीही केली होती. बाप गेला, भावांनी मृत्युपत्र खोटं ठरवायला रावेरच्या कोर्टात दावा लावला. शोभाताईंची वकील मी. दुसरे साक्षीदार वारले होते. राहिले एकटे नाना. केस हरली तर शोभाताईंनी पन्नाशीत कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न होता.

कायद्यात यावर एक शहाणी तरतूद आहे. सही करणाऱ्या साक्षीदाराला खरोखरच काही आठवत नसेल, तर मृत्युपत्र दुसऱ्या पुराव्यानं सिद्ध करता येतं. आणि दुसरा पुरावा माझ्याकडे होता. नानांचे जुने कारकून सुकाअप्पा त्या दिवशी खोलीतच होते आणि त्यांना सगळं स्वच्छ आठवत होतं. म्हणजे नानांनी "सही माझी, बाकी आठवत नाही" एवढंच, आणि खरं तेच, सांगितलं तर शोभाताईंचं घर वाचणार होतं. पण त्यांनी सवयीनं काही रचून सांगितलं आणि ते खोटं पडलं, तर संशय मृत्युपत्रावरच बसणार होता. साक्षीतून त्यांना वगळावं, तर डॉक्टरांच्या कागदावर "सुरुवातीची अवस्था" असं लिहिलेलं. एवढ्या बोलक्या माणसाला कोर्ट सोडणार नव्हतं. एका बाईचं छप्पर आता नानांच्या एका वाक्यावर होतं, आणि तेच नेमकं वाक्य नानांना येत नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "नाना, त्या दिवसाचं काय आठवतं?" नाना रंगात आले. म्हातारा लाल फेटा बांधून आला, अंगणात बाज टाकली, शोभानं चहात साखर विसरली, म्हाताऱ्यानं सही करताना देवाचं नाव घेतलं. ऐकत राहावं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर फेटा गेला, टोपी आली, बाजेच्या जागी झोपाळा आला, आणि चहाऐवजी मठ्ठा. दोन्ही साक्षी अप्रतिम. दोन्ही ऐकून मला घाम फुटला.

मी शेवटी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. "नाना, 'आठवत नाही' ही शिवी नाही, उत्तर आहे."

"ते साक्षीदारांसाठी," नाना म्हणाले.

"या वेळी साक्षीदार तुम्ही आहात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. राग नव्हता त्यात. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसा चेहरा झाला होता. मग म्हणाले, "काकूंना सांग, केळ्याचे वेफर्स आण म्हणावं. तू वाळलीस." विषय संपला.

साक्षीच्या दिवशी नाना कोट घालून आले. साक्षीदाराला कोटाची गरज नाही, असं मी म्हटलं नाही. कोर्टात शिरल्यावर ते सरळ वकिलांच्या खुर्चीकडे निघाले. मी हात धरून पिंजऱ्याकडे नेलं. ईश्वरसाक्ष शपथ झाली. मी कागद दाखवला. "ही सही कुणाची?" "माझी." "मृत्युपत्र करणाऱ्यांनी सही कधी, कशी केली, हे तुम्हाला आठवतं का?" मी "आठवतं का" या शब्दांवर जितका जोर देता येईल तितका दिला.

"वकीलबाई," नाना म्हणाले, "सही माणूस हातानंच करतो." कोर्ट हसलं. न्यायाधीश मॅडमही ओठांत हसल्या. मी खाली बसले. मागच्या बाकावर शोभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

समोरचे वकील उठले. तेही एके काळी नानांच्याच हाताखाली घडलेले, त्यामुळे नानांची हत्यारं त्यांना पाठ. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट मुलानं बापाशी बोलावं तसे बोलले. "नाना, तुम्हाला त्रास देत नाही. त्या दिवशी पाऊस फार होता, नाही का?"

"पाऊस तर होता," नाना लगेच म्हणाले. मी डोळे मिटले. मृत्युपत्र भर वैशाखातलं होतं.

"आणि म्हातारबाबांची तब्येत बरी नव्हती. हात थरथरत होता. तुम्ही किती लोकांना मदत केलीय आयुष्यभर! त्या दिवशीही तुम्ही त्यांचा हात हातात धरलात, पेन टेकवलंत. आठवतं ना?"

नानांनी तोंड उघडलं. इतकं सुंदर चित्र आयतं समोर आलेलं, त्यात स्वतःची भूमिका भल्या माणसाची. हो म्हणायला काय जात होतं? हो म्हटलं, की सही म्हाताऱ्याची नसून नानांची ठरणार आणि शोभाताई रस्त्यावर. मी हरकत घ्यायला अर्धी उठले, पण उलटतपासणीत असा प्रश्न विचारता येतो, हे मला नानांनीच शिकवलेलं. तशीच बसले.

आणि नाना थांबले. त्यांनी समोरच्या वकिलाकडे मान तिरपी करून पाहिलं. ती मान मी वर्षानुवर्षं पाहिलेली. समोरच्याच्या बोलण्यात माया आली, की ती तशी तिरपी व्हायची. फेटा गेला होता, झोपाळा गेला होता, म्हाताऱ्याचा चेहरा गेला होता. पण खड्ड्याचा वास घेणारं नाक जागेवर होतं. पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला जे कळलं नसतं, ते त्याच्या आतल्या वकिलाला कळलं.

नाना माझ्याकडे वळले आणि भर कोर्टात म्हणाले, "वकीलबाई, तुमचा साक्षीदार जास्त बोलतोय. आवरा त्याला."

कुणी हसलं नाही. नानांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "मॅडम, पावसाचं काढून टाका. पाऊस मला या वकीलसाहेबांनी सांगितला म्हणून आठवला. सही माझी आहे, ती ओळखता येते. बाकी..." इथं ते अडकले. ओठ हलत होते. दगडूभाऊंना स्वतःचं नाव सांगताना आला नसेल इतका घाम त्यांना आला होता. "बाकी मला आठवत नाही."

मॅडमनी टंकलेखकाला सांगितलं, "साक्षीदाराला आठवत नाही." समोरचे वकील समाधानानं खाली बसले. त्यांना वाटलं, साक्षीदार पडला.

परत येताना गाडीत नाना खिडकीबाहेर केळीचे ट्रक बघत होते. सावदा मागं पडल्यावर एकदम म्हणाले, "मले खरंच काही याद नही वं, पोरी."

"माहीत आहे, नाना."

"तुले माहीत होतं? मग हरकत काहून नही घेतली?"

"तुमच्यावरच घ्यावी लागली असती," मी म्हटलं, आणि मला रडू आवरलं नाही. नानांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू चालव. मॅडम भावनिक आहेत."

त्या दिवसापासून घरात शांतता आली, असं काकू सांगतात. एकदा ते वाक्य तोंडातून गेलं आणि नानांनी ओव्हरटाइम सोडला. गॅस कुणी चालू ठेवला? "आठवत नाही." जेवलात का? "आठवत नाही, वाढा." काकूंवरचा खोटा ठपका संपला. मिलिंद पुण्याहून दर पंधरवड्याला यायला लागला. पण डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. इतकी वर्षं दिवा जळत होता, तो भराभर मंद झाला. आठवणीतून आधी बार रूम गेली, मग सावद्याचा मळा, मग मिलिंद. काकूंना मात्र ते शेवटपर्यंत बाहेरच्या माणसासमोर "आमच्या मॅडम" म्हणायचे. नाव आठवत नव्हतं, म्हणून. काकू म्हणायच्या, "चालस. पदवी भेटनी."

सुकाअप्पांची साक्ष झाली, सहीची तुलना झाली, आणि पुढल्या वर्षी निकाल लागला. घर नि केळी शोभाताईंची. त्यांनी मळ्यातला केळीचा एक घड माझ्याकडे दिला. "नानांना द्या," म्हणाल्या. मी तो गाडीत घालून नानांकडे गेले.

नाना ओसरीवर खुर्चीत होते. अंगात कोट. मी घड त्यांच्यापुढं ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणतंय गाव?"

"नाना, शोभाताईंच्या केसचा निकाल लागला. आपण जिंकलो."

"छान," नाना म्हणाले. "वकील कोण होतं?"

"मी."

"आणि साक्षीदार?"

"तुम्ही."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नानांनी मान तिरपी केली, अगदी पहिल्यासारखी, आणि ज्युनिअरला विचारावं तसं मला विचारलं, "कसा होता?"

"जास्त बोलला नाही, नाना."

"मग पडला नसेल," नाना म्हणाले, आणि त्यांनी केळ्याकडे हात पुढं केला.